गाळून घेतलेला रंग

बिस्किटमास्तरांना कुणी विचारलं, "मास्तर, यंदा हॉलला निळा देऊ या का?" की मास्तर आधी घोड्यावरून खाली उतरत. घोडा म्हणजे पाय फाकून उभी राहणारी ती रंगाऱ्याची शिडी. उतरून फडक्याला हात पुसत, त्या माणसाकडे नीट बघून घेत आणि म्हणत, "का हो, घरात भांडणं कमी पडतायत का?"

हे मास्तर शाळेतले नव्हेत, भिंतींचे. उभी हयात त्यांनी लोकांची घरं रंगवण्यात घालवली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांना एकच रंग दिला. दुधात बुडवून काढलेलं बिस्किट जसं दिसतं ना, तसा. दुकानवाले त्याला बेज म्हणतात, कुणी बदामी म्हणतं, कुणी क्रीम म्हणून मोकळं होतं. मास्तरांना यातलं एकही नाव चालत नसे. त्यांच्या लेखी तो बिस्किटी. लोकांनी त्यावरून त्यांचं नाव पाडलं आणि ते असं चिकटलं, की पोस्टमनसुद्धा खरं नाव विसरला.

आता तुम्ही म्हणाल, बिस्किटी रंग लावायला काय मोठी अक्कल लागते? इथंच तर भले भले फसतात. बादलीभर पांढऱ्यात पिवळा घालायचा, थोडा तांबडा घालायचा आणि नखाएवढा काळा. पिवळा जास्त झाला की भिंतीला कावीळ होते. काळा जास्त झाला की ती ओल्या पुठ्ठ्यासारखी दिसते. या दोन्हींच्या मध्ये एक चिंचोळी जागा आहे. तिथं तो रंग बसला, की संध्याकाळी दिवा लावल्यावर खोलीला ऊब येते आणि सकाळचं ऊनही डोळ्यांवर येत नाही. मशीनवर कळ दाबून मिळणारा रंग मास्तर कधी घेत नसत. "मशीन कुठं राहतंय घरात?" म्हणायचे. आणि पांढऱ्या भिंतीचा तर त्यांना मनापासून राग. पांढरी भिंत आल्यागेल्याला जाब विचारते, म्हणत. बिस्किटी भिंत म्हणते, बस, पाणी पी.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी घरच्या ओसरीत बसून मास्तर रंग कालवायचे. सगळ्या डब्यांचा एकच रंग झाला पाहिजे म्हणून मोठ्या पिंपात एकत्र ओतायचे, काठीनं ढवळायचे, बाटलीतून थेंब थेंब सोडायचे. मनासारखा झाला की हाक मारायचे, "अगं ए, घे गाळून!" आणि अंघोळीला जायचे. गाळायचं काम बायकोचं. बादलीच्या तोंडाला जुन्या चादरीचा तुकडा बांधायचा आणि त्यातून सगळा रंग गाळून घ्यायचा, म्हणजे गुठळी राहत नाही, भिंतीवर रवा येत नाही. लग्न झाल्यापासून ती हे करत आली होती. गाळताना नाकावर एक तरी थेंब उडायचाच, आणि तो दाखवायची हौस मास्तरांना शेवटपर्यंत होती.

मास्तरांना गर्व एकाच गोष्टीचा होता. हाताचा नाही, हात काय, सवयीनं चालतो. गर्व डोळ्याचा. "ओला रंग खोटं बोलतो," ते सांगायचे, "वाळल्यावर खरं काय ते कबूल करतो. पण मला तो ओला असतानाच कळतो." आणि खरंच कळायचा. त्यामुळं लेक जेव्हा पहिल्यांदा म्हणाली, "बाबा, तुमचे डोळे तपासून घेऊ या," तेव्हा मास्तर असे उसळले की विचारू नका.

"माझे डोळे? अगं, माझ्या डोळ्यांवर हे घर उभं राहिलंय!"

"म्हणूनच म्हणते," लेक म्हणाली.

लेक बस डेपोत तिकिटाच्या खिडकीवर होती. रांगेत घुसणाऱ्यांना सरळ करण्यात तिचा दिवस जायचा, तिच्यापुढं बापाचं काय चालणार? तरी मास्तरांनी वर्ष-दीड वर्ष तिला बरोबर टांगून ठेवलं. चष्म्याची काच खराब आहे, बल्ब मंद झालेत, हल्ली वर्तमानपत्रवाले शाईच कमी वापरतात, एक ना दोन. बायको यात कधी पडली नाही. ती लेकीला एवढंच म्हणायची, "त्यांच्या कलानं घे गं."

मग तो रेनकोट झाला. दातांच्या डॉक्टरांकडं मास्तर एकदा भिंतीची ओल बघायला गेले होते. बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात कुणीतरी उभं होतं. मास्तरांनी त्याला नमस्कार केला, ओल कुठून येते ते सविस्तर समजावलं, "तुमचं काय मत?" म्हणून विचारलंसुद्धा. उत्तर येईना, तेव्हा जवळ गेले, तर खुंटीला रेनकोट टांगलेला. दाढ धरून बसलेला एक माणूस दाढ विसरून हसला. हे डेपोपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्याच आठवड्यात लेकीनं रजा टाकली आणि बापाला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंपुढं नेऊन बसवलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि चांगला पिकलेला. आधी उजव्याचं ऑपरेशन करू, डावा महिन्याभरानं, असं ठरलं. ऑपरेशन झालं तेही मास्तरांना फारसं कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा आला, थेंबांच्या बाटल्या आल्या, आणि धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही अशी लांबलचक ताकीद आली.

घरी येऊन मास्तरांनी चष्मा जरा वर केला आणि दारात उभ्या असलेल्या बायकोकडं बघितलं.

"अगं, तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तुमच्याबरोबरच," ती म्हणाली. "आरसा आत आहे, जाऊन बघा."

मास्तर खूष होते. पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसत होती, कपावरचा तडा दिसत होता, समोरच्या छतावरचा पक्षी दिसत होता. चहाचा कप घेऊन ते बायकोच्या खोलीत गेले, आणि उंबऱ्यातच थांबले.

ही खोली घराच्या मागच्या बाजूला. आधी लेकीची होती. लेक लग्न होऊन गेल्यावर बरीच वर्षं तिच्यात नुसती अडगळ. मग दोनेक वर्षांपूर्वी लेकीचं बाळंतपण आलं आणि आई तिच्याकडं राहायला गेली. तेवढ्यात मास्तरांनी गुपचूप डाव साधला. अडगळ काढली, भेगांत लांबी भरली, भिंती घासल्या, स्वतःच रंग कालवला, स्वतःच गाळला, दोन हात मारले. खिडकीशी तिचं शिवणाचं मशीन मांडलं. ती परत आली तेव्हा तिला डोळे मिटायला लावून आत आणलं आणि म्हणाले, "उघड आता. लोकांची घरं रंगवली आयुष्यभर. ही खास तुझ्यासाठी. असा बिस्किटी मलासुद्धा परत जमायचा नाही."

ती खोली आज मास्तर बघत होते. चारही भिंती पिवळ्या होत्या. पिवळसर नाही हो, पिवळ्याधमक! उन्हाची तिरीप आत आली होती आणि अख्खी खोली अंड्याच्या बलकासारखी झाली होती.

त्यांना वाटलं, नवा डोळा आहे, अजून बसायचा असेल. त्यांनी उजव्या डोळ्यावर हात धरला आणि जुन्या, डाव्या डोळ्यानं बघितलं. खोली बिस्किटी. मऊ, उबदार, जशी त्यांनी केली होती अगदी तशी. मग डाव्यावर हात धरून उजव्यानं बघितलं. पिवळी. मग परत डावा, परत उजवा. कपातला चहा निवून गेला. हातातल्या कपाकडं त्यांनी दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीनं बघितलं. उजव्याला तो पांढराशुभ्र दिसत होता आणि डाव्याला जुन्या कागदासारखा. तेव्हा खोटं कोण बोलतंय ते त्यांना कळलं.

म्हण आहे, की कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं. मास्तरांचं उलटंच झालं होतं. डोळ्यांवर पिवळा पडदा चढला होता आणि त्यातून भिंतीचा पिवळा दिसतच नव्हता. दिसत नाही म्हणून बाटलीतून थेंबावर थेंब पडत गेले होते.

बायको मशीनशी येऊन बसली. मास्तरांनी शक्य तितक्या सहज विचारलं, "या खोलीचा रंग कसा वाटतो गं तुला?"

"छान आहे की," ती म्हणाली. सुईत दोरा ओवताना तिनं वर बघितलंसुद्धा नाही. "का?"

"काही नाही. असंच."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एक खोली पिवळी झाली तर झाली. पण दोन वर्षांत त्यांनी लोकांची किती घरं केली होती! शिंपीणबाईंचं नवं घर, दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाईंचा बंगला. सगळीकडं छाती काढून सांगितलं होतं, की रंगात मला शिकवू नका. सगळीकडं त्याच बाटल्या, तोच हात आणि तोच डोळा. म्हणजे लोक दोन वर्षं काविळीत राहत होते आणि म्हाताऱ्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले होते! नमस्कार करताना हसायचे ते कशाला हसत होते, हे आता मास्तरांना कळल्यासारखं झालं आणि त्यांचे कान तापले.

त्यांनी ओसरीत जाऊन लेकीला फोन लावला.

"तुझ्या आईच्या खोलीचा रंग कुठला आहे गं?"

"पिवळा," लेक म्हणाली. मागं रांगेचा गलका चालू होता. "का हो?"

"तुला तो पिवळा दिसायचा?"

"दिसायचा म्हणजे? पिवळाच आहे तो. मला वाटलं, आईनंच मागितला तुमच्याकडं. मी एकदा चेष्टा केली तर केवढ्यांदा ओरडली माझ्यावर. बाबा? हॅलो?"

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "मी उद्या लोकांची घरं बघून येणार आहे. एक जरी भिंत पिवळी निघाली ना, तर मी ब्रश खाली ठेवला म्हणून समज. कायमचा."

"धुळीत जायचं नाही सांगितलंय!" लेक ओरडली. पण मास्तरांनी फोन ठेवला होता. रात्री ते जेवलेही धड नाहीत. दुसरं काही येत नव्हतं त्यांना. ब्रश खाली ठेवला तर सकाळी उठून जायचं कुठं, हा एकच विचार ते या कुशीवरून त्या कुशीवर नेत राहिले.

सकाळी काळा चष्मा लावून निघाले. "जरा पाय मोकळे करून येतो," बायकोला म्हणाले. तिनं त्यांच्याकडं क्षणभर बघितलं, चष्म्याच्या दांड्या कानामागं नीट बसवल्या आणि म्हणाली, "जपून जा. आणि कुणाकडं गेलात तर चहा घ्या, नुसते भिंतींकडं बघत बसू नका."

पहिलं घर शिंपीणबाईंचं. "पोपडे कुठं सुटलेत का ते बघायला आलो," मास्तरांनी दारातच थाप मारली. शिंपीणबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यांनी मानेनंच या म्हटलं. मास्तर आत गेले. चष्मा काढला, डाव्या डोळ्यावर हात धरला आणि उजव्यानं भिंतीकडं बघितलं.

बिस्किटी.

विश्वास बसेना. टेबलावर पांढऱ्या कापडाचा तागा होता, तो उचलून त्यांनी भिंतीला लावला. खिडकीचा पडदा सारला. दिवा लावला, दिवा घालवला. भिंत जागची हलली नाही. जसा असावा तस्सा बिस्किटी, ना नखभर इकडं, ना नखभर तिकडं.

"काय झालं हो मास्तर?" शिंपीणबाईंनी टाचण्या काढून विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांना एकदम हसूच फुटलं. "फार बरी भिंत आहे तुमची!"

"तुम्हीच केलीय की," त्या म्हणाल्या. माणूस ऑपरेशननं हलला की काय, असं त्यांना वाटलं असणार.

दवाखान्यात तेच. दाढ धरून बसलेल्या लोकांमागं शांत बिस्किटी भिंत. तिथली पोरगी म्हणाली, "आज रेनकोट घरी गेलाय हं मास्तर," आणि मास्तरांना राग म्हणून आला नाही. उलट ते त्या रिकाम्या खुंटीला नमस्कार करून बाहेर पडले. पण रस्त्यावर आल्यावर पाय मंदावले. आनंद होता, आणि त्या आनंदात काहीतरी टोचत होतं. त्याच डोळ्यानं कालवलेला रंग इथं बरोबर आणि घरी चूक, हे कसं? परक्यांच्या भिंती सांभाळल्या आणि बायकोचीच तेवढी बिघडवली, असा कसा आपला डोळा?

मोठ्या बाई फाटकातच भेटल्या. मुलींच्या शाळेत आयुष्य काढलेलं, आवाजात अजून घंटा वाजायची. त्यांच्या हॉलची भिंत बघून मास्तरांनी मान हलवली. इथंही बरोबर. ते खुर्चीत बसले आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाले, "रंग जमला हो इथं. कसा जमला कळत नाही."

"कळत नाही कसं? तुमच्या मिसेसनी इतकं बघून घेतला होता," बाई म्हणाल्या. "मी तर म्हटलं, अशी तपासणी आमच्या शाळेतसुद्धा होत नव्हती."

"कुणी बघून घेतला?"

"तुमच्या मिसेसनी! डबा घेऊन यायच्या ना दुपारी. तुम्ही जेवून वर गच्चीत आडवे व्हायचात. त्या दिवशी पहिला हात वाळला होता. त्यांनी पिशवीतून कपाटाचं दार काढलं."

"काय काढलं?"

"दार हो, दार. छोटंसं, बिजागऱ्यांसकट. भिंतीला लावून लांबून बघितलं, जवळून बघितलं. मग तुमच्या बादलीत थोडा पांढरा ओतला, ढवळला आणि दार परत पिशवीत. मी विचारलं तर म्हणाल्या, आमच्यात अशीच पद्धत आहे."

मास्तर उठले. चहा घ्यायला सांगितलं होतं, तो राहिलाच. रस्ताभर त्यांच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. स्वयंपाकघरातलं ते छोटं कपाट. संसार थाटला तेव्हा आयुष्यातला पहिला बिस्किटी त्यांनी त्याच कपाटाच्या दाराला आतून लावला होता, नमुना म्हणून. आत असल्यानं ना ऊन लागलं ना धूर, जसाच्या तसा राहिला. त्या दाराचे स्क्रू हल्ली सारखे ढिले व्हायचे! मास्तर दर महिन्याला घट्ट करायचे आणि सुताराला शिव्या घालायचे. पांढऱ्याचे डबे हल्ली लवकर संपायचे. दुकानदार माप मारतो म्हणून मास्तर त्याच्याशी दोनदा कडाकडा भांडले होते, आणि बायको तेव्हा खाली मान घालून भाजी निवडत होती. आणि कालवलेला रंग मात्र दर वेळी पुरून उरायचा. "माझ्या हाताला बरकत आहे," असं ते दहा जणांत सांगत फिरले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

घरी आले तेव्हा बायको तिच्या पिवळ्या खोलीत जुनी चादर फाडत बसली होती. गाळायला तुकडे लागतात ना. डावा डोळा झाला की मास्तर कामाला लागणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. मास्तर चष्मा काढून तिच्यासमोर बसले.

"एक भिंत पिवळी निघाली," ते म्हणाले.

"कुणाकडं?"

"माझ्याच घरात."

तिनं फाडायचं थांबवलं नाही. "ती धरायची नाही," ती म्हणाली.

"मोठ्या बाईंनी दाराचं सांगितलं."

आता तिचे हात थांबले. "सांगितलंच का त्यांनी," ती म्हणाली. "तोंडात तीळ भिजत नाही बाईंच्या."

"तुला कळलं कधी?"

"तुम्ही मला डोळे उघडायला सांगितलंत ना, तेव्हाच," ती म्हणाली. "आधी भिंती बघितल्या. म्हटलं, चेष्टा करतायत. मग तुमच्याकडं बघितलं. इतके खूष होतात तुम्ही. कपाळाला रंग लागलेला, पोरासारखे उभे होतात. लग्नात नव्हतात एवढे खूष. तेव्हा कळलं, की यांना दिसत नाहीये. आणि मी काय बोलणार होते?"

"मग सांगायचंस ना गं!"

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकणार होतात? लेकीचं ऐकलंत? म्हणून म्हटलं, डोळे दाखवायला जातील तेव्हा जातील, तोवर लोकांत यांच्या रंगाला कुणी नाव ठेवायला नको. मला कुठं तुमच्यासारखं ओल्यात कळतं? म्हणून ते दार. गाळताना एक बोट दाराला लावायचे, वाळू द्यायचे, मग पांढरा घालायचे. तुमची अंघोळ लांबते, ते एक बरं."

मास्तरांनी चारही भिंतींवरून नजर फिरवली. "आणि तू इथं बसलीस. दोन वर्षं. या कावीळ झालेल्या खोलीत."

"खास माझ्यासाठी केली होतीत तुम्ही," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी केलीय माझ्यासाठी खोली?"

डोळ्यांतून पाणी काढायचं नाही, असंही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मास्तरांनी ती ताकीद मोडली. बायकोनं चादरीचा स्वच्छ तुकडा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "चोळू नका, नुसतं टिपा."

महिन्याभरानं डावा डोळाही झाला. लेक रजेवर येऊन राहिली, थेंब घालता घालता तिनं बापाला चार शब्द ऐकवले आणि आईला आठ. मास्तर दुकानदाराकडं जाऊन माफी मागून आले, त्यानं कारण विचारलं तर म्हणाले, "आमच्या घरीच चोर होता." आणि बाहेर जायची परवानगी मिळाली तेव्हा त्यांनी पहिलं काम कुणाचंच घेतलं नाही. ओसरीत पिंप मांडलं. आधी घरची खोली.

नव्या डोळ्यांनी रंग कालवायला त्यांना नव्यानंच शिकावं लागलं. सगळं फार लख्ख दिसायचं, आणि लख्ख दिसण्याचीसुद्धा भीती वाटते माणसाला. शेवटी रंग मनासारखा झाला, निदान तसं वाटलं. त्यांनी नेहमीची हाक मारली. "अगं ए, घे गाळून!" पण अंघोळीला गेले नाहीत. तिथंच बसून राहिले.

बायको आली. कपाटाचं दार तिनं उघडपणेच काखेत मारून आणलं होतं. बादलीला कापड बांधून रंग गाळला, नाकावर थेंब उडवून घेतला. मग दारावर एक बोट ओढलं आणि दोघं तो वाळायची वाट बघत बसली. वाळल्यावर मास्तर दार उन्हात धरून शोधायला लागले, आणि बोट कुठं ओढलं होतं ते त्यांना सापडेना. जुना कुठला आणि नवा कुठला, काही कळत नव्हतं.

"जमला," मास्तर म्हणाले. आवाज चिरकला त्यांचा. "जमला की गं!"

"जमला," बायको म्हणाली. दार भिंतीला टेकवून ठेवलं, उठली, पिवळ्याची बाटली घेतली आणि झाकण उघडून बादलीवर धरली.

"अगं, अगं, काय करतेस! जुळलाय तो!"

"लोकांकडं जुळू दे," ती म्हणाली. "मला सवय झालीय. एवढा साधा रंग बघून मला त्या खोलीत करमायचं नाही." आणि तिनं बाटली मास्तरांच्या हातात दिली. "घ्या, तुम्हीच घाला. तुमच्या हातचाच पाहिजे."

मास्तर बाटलीकडं बघत राहिले, मग तिच्याकडं. रंग किती घालायचा, हे आयुष्यात त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. लोक त्यांना विचारायचे. त्यांनी बाटली बादलीवर वाकडी केली.

"किती घालू?"

तिनं काठी घेऊन ढवळायला सुरुवात केली.

"घाला तुम्ही," ती म्हणाली. "मी सांगते बास कधी ते."